मागच्या चाकांतील गळती

आमच्या घरीं एक जुनी जीपगाडी आहे. तिच्या मागच्या चाकांतील ब्रेकचे भाग बदलण्यांत आमचे गेल्या वैशाखांतले दोन दिवस गेले, आणि त्या दोन दिवसांची हकीकत येथें सांगावी असा आमचा मानस आहे. विषयाचें नांव ऐकून कांहीं वाचक पान उलटतील हें आम्ही जाणतों. परंतु ज्या घरांत चार माणसें एका गाडींत बसून मंगलकार्यास जातात, त्या घरास हा विषय अगदींच परका नव्हे. शिवाय या हकीकतींत आमच्या हातून घडलेला एक अपराध आहे. तो कबूल केल्यावांचून आम्हांस चैन पडत नाहीं.

प्रथम गाडीविषयीं. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या सैन्यासाठीं विलीज कंपनीनें जी जीप बांधली, तिचाच वंश आमच्या दारांत उभा आहे. १९४५ सालीं 'महिंद्र अँड महंमद' या नांवानें निघालेली व १९४८ सालीं 'महिंद्र अँड महिंद्र' झालेली कंपनी स्वातंत्र्याच्या सुमारास या गाड्या आपल्या देशांत आणूं लागली, आणि मुंबईस माझगांव येथें त्यांचे सुटे भाग जुळवूं लागली. पुढें १९५३ सालीं विलीजनें उंच नाकाची 'सी. जे. ३ बी' ही जात काढली. तीच महिंद्रांनीं येथें अनेक वर्षें बनविली. आमच्या तीर्थरूपांनीं असलीच एक गाडी सरकारी लिलावांत घेतली. त्यांच्या मागें ती आमच्या वांट्यास आली. गेल्या दहा वर्षांत आम्हीं तिला दोनदां रंग दिला, नवी कनात शिवली, बैठकींवर रेक्झीन चढविलें. दसऱ्यास तिला झेंडूची माळ चुकली नाहीं. मात्र चाकाच्या आंत काय चाललें आहे हें पाहण्यासाठीं आम्हीं एकदांही मागचें चाक उघडलें नव्हतें. जें लोकांस दिसतें त्याची निगा आणि जें झांकलेलें असतें त्याची हेळसांड, हा मनुष्यस्वभावच आहे, असें म्हणून आम्हांस सुटतां आलें असतें. परंतु आमची हेळसांड अज्ञानाची नव्हती.

आमचें घर वाघबीळच्या अंगास, घोडबंदर रोडपासून हांकेच्या अंतरावर आहे. ठाण्याच्या माजिवड्यापासून निघालेला हा रस्ता मानपाडा, कासारवडवली, ओवळें, गायमुख असा पुढें जातो. एका अंगास येऊरचे डोंगर, दुसऱ्या अंगास खाडी. आणि शेवटीं वसईच्या खाडीच्या कांठीं घोडबंदरचा पोर्तुगीजांनीं बांधलेला किल्ला. तो मराठ्यांनीं १७३७ सालीं घेतला. या बंदरावर पूर्वीं घोडे उतरत व त्यांचा व्यापार चाले, म्हणून गांवास हें नांव पडलें असें सांगतात. आतां त्या घोड्यांची जागा न्हावाशेवा बंदर आणि गुजराथ यांच्यामध्यें जा-ये करणाऱ्या अवजड कंटेनरगाड्यांनीं घेतली आहे. गायमुखापाशीं रस्ता डोंगराच्या कुशीस लागून चढतो आणि उतरतो. त्यास गायमुखचा घाट म्हणतात. बोरघाट किंवा कसारा पाहिलेल्या मनुष्यास हा घाट म्हणजे पोरखेळ वाटेल. परंतु ज्या गाडीस थांबतां येत नाहीं, तिला कोणताही उतार लहान नसतो.

माघ महिन्याच्या सुमारास ब्रेकचें ऑइल कमी होऊं लागल्याचें आमच्या ध्यानांत आलें. या गाडीचा मास्टर सिलिंडर, म्हणजे ब्रेकचें तेल ज्यांत असतें तें भांडें, चालकाच्या पायांखालीं असतें. तळाचें झांकण उघडून पाहावें तों तेल बोटभर उतरलेलें. आम्हीं तें भरलें. पंधरा दिवसांनीं पुन्हां उतरलें, पुन्हां भरलें. एके दिवशीं अंगणांत सडा घालतांना वहिनींनीं विचारलें, "भाऊजी, मागच्या डाव्या चाकाला आंतून ओलं कसलं लागलंय?"

"रस्त्यावरचं पाणी असेल," आम्ही म्हणालों.

रस्त्यावर पाणी नव्हतें, आणि तें आम्हांस ठाऊक होतें. परंतु मागचें चाक उघडणें म्हणजे दोन दिवसांचें काम, त्यांत कचेरीची दगदग, आणि मनाच्या एका कोपऱ्यांत ही भीति कीं, थोरले बंधू म्हणतील, "आतां ही गाडी विकून टाका." म्हणून आम्ही मुकाट्यानें ऑइलचा डबा आणीत होतों, आणि घरांत कोणास सांगत नव्हतों.

वैशाखांत वसईस एका आप्तांकडे मुंज होती. बंधू आदल्या दिवशींच पुढें गेले होते. आमच्या गाडींत मातोश्री, वहिनी आणि दोघे पुतणे. निघण्यापूर्वीं आम्हीं तेल पाहिलें, भरलें, आणि निर्धास्त झालों. गायमुखचा चढ संपून गाडी उताराला लागली. पुढें एक कंटेनरगाडी रखडत चालली होती. तिचे तांबडे दिवे लागले, आम्हीं ब्रेकवर पाय दिला, आणि पायडल तळाला जाऊन टेकलें. पुन्हां दाबलें, पुन्हां तेंच. गाडी दुसऱ्या गिअरमध्यें होती हें आमचें सुदैव. आम्हीं हँडब्रेक ओढला. या जातीच्या गाडींत हँडब्रेक चाकांस धरीत नाहीं. गिअरपेटीच्या मागून मागच्या चाकांकडे जो दांडा फिरत जातो, त्यावरील स्वतंत्र ड्रमास तो धरतो. एक जबर हिसका बसला, खालून लोखंड कण्हल्यासारखा आवाज आला, आणि गाडी थांबली. पुढील कंटेनर आणि आमचें नाक यांत दोन हातांहून अधिक अंतर नव्हतें. धाकटा पुतण्या हंसला. त्यास ती गंमत वाटली. मातोश्रींच्या मांडीवरील आहेराचा डबा खालीं पडला होता, तो त्यांनीं मुकाट्यानें उचलून घेतला.

मंडळींस रिक्षांत बसवून दिलें आणि मुंजीला न जातां आम्हीं गाडी दोरानें ओढवून कासारवडवलीच्या बाजूस एका मिस्त्रीकडे आणली. दुसऱ्या दिवशीं थोरला पुतण्या हट्टानें आमच्याबरोबर आला. मिस्त्री वयानें पोक्त आणि बोलण्यांत काटकसरी. त्यांच्या हाताखालच्या पोरानें डाव्या चाकाच्या नटाला पाना लावला आणि अंगाचा जोर केला, नट हलेना. मिस्त्री म्हणाले, "अरे, जीप आहे ती. डाव्या अंगाचे आटे उलटे असतात. तूं सोडवीत नाहींस, आवळतोयस." चाक फिरतांना नट आपोआप सैल होऊं नयेत म्हणून जुन्या जीपच्या डाव्या चाकांस असे उलटे आटे देत असत. इतकीं वर्षें गाडी आमच्या दारांत, आणि आम्हांस ही गोष्ट त्या दिवशीं कळली!

चाक निघालें, तरी ड्रम निघत नाहीं. ॲक्सलच्या निमुळत्या टोकावर तो हबसकट घट्ट बसलेला असतो. मधला मोठा नट काढून, पुलर लावून, त्यास ओढून काढावें लागतें. शेवटीं फटकन आवाज होऊन तो सुटला, आणि आमची माघापासूनची लबाडी उघडी पडली. व्हील सिलिंडरमधील रबराच्या वाट्या तडकल्या होत्या. त्यांतून तेल पाझरून दोन्ही शूंचे लायनर भिजून काळे झाले होते. मिस्त्रींनीं लायनरवर अंगठा फिरवून तो आमच्यापुढें धरला. "काका, हा ब्रेक कधींच गेला होता. तुम्ही नुसते तेल पाजत होतात."

पुतण्यानें विचारलें, "पण एकाच चाकांत बिघाड होता, मग चारही चाकांचा ब्रेक कसा गेला?"

प्रश्न मार्मिक होता. पायानें पायडल दाबलें कीं मास्टर सिलिंडरमधील तेल नळ्यांवाटे चारही चाकांकडे ढकललें जातें. प्रत्येक चाकांत लहान सिलिंडर असतो. तेलाच्या दाबानें त्यांतील दट्टे बाहेर सरतात आणि अर्धचंद्राकृति शूंना ड्रमाच्या आंतल्या कडेवर दाबतात. फिरता ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढूं पाहतो, त्यामुळें तो शू अधिकच घट्ट रुततो. थोड्या जोरांत मोठें काम होतें, तें असें. पाय काढला कीं स्प्रिंगा शूंना मागें खेंचतात. लुई रेनो या फ्रेंच गृहस्थानें १९०२ सालीं रूढ केलेली ड्रमची ही युक्ति अद्याप टिकून आहे. ब्रेक लावतांना गाडीचा भार पुढच्या चाकांवर जातो व मागच्यांना काम कमी पडतें. म्हणून २०२० सालीं आलेल्या नव्या 'थार' जीपलाही पुढें डिस्क असून मागें ड्रमच ठेवलेला आहे.

परंतु आमच्या जुन्या गाडींत तेलाचा मार्ग एकच. चार चाकें, पण भांडें एक आणि दाब एक. एका चाकांत वाट मिळाली कीं तेल तिकडे धांवतें, आणि उरलेल्या तीन निर्दोष चाकांना दाबच मिळत नाहीं. नव्या गाड्यांत याकरितांच दोन स्वतंत्र मार्ग ठेवतात. एक फुटला तरी दुसरा धरतो. हें सर्व आम्ही पुतण्यास मोठ्या ऐटीनें समजावून सांगत होतों, आणि सांगतां सांगतां आमच्याच तोंडाला कोरड पडली. कारण हें आम्हांस आजच कळलें होतें असें नव्हतें.

ड्रम आंतून धुण्यापूर्वीं पोरानें हवेची नळी उचलली. तिला आम्हीं अडविलें. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉसचे तंतु असत, आणि ती धूळ फुफ्फुसांत गेली म्हणजे वर्षांनुवर्षांनीं प्राणघातक रोग होऊं शकतात. तेव्हां हवा न मारतां ओल्या फडक्यानें ती टिपून घेतली. ड्रमाच्या आंत घासून पडलेल्या रेघा होत्या, त्या लेथवर अगदीं थोडें कातून काढल्या. फार कातल्यास ड्रम पातळ होऊन निकामी होतो. रबराच्या नव्या वाट्या पेट्रोलनें न धुतां ब्रेकच्या ऑइलनेंच भिजवून बसविल्या, कारण पेट्रोलनें रबर फुगतें. लायनर, वाट्या, स्प्रिंगा हें सर्व दोन्ही बाजूंस नवें घातलें. उजवें चाक अजून कोरडें होतें, तरी मिस्त्री म्हणाले, "एका बाजूला नवं आणि एका बाजूला जुनं ठेवलंत तर ब्रेक लावल्यावर गाडी एका अंगाला ओढेल." रबराच्या त्या वाट्यांचे पैसे चौघांच्या भेळीहून अधिक झाले नाहींत.

मग नळ्यांतील हवा काढण्याचें काम. तेल दबत नाहीं, पण हवा दबते. म्हणून नळींत बुडबुडा राहिला तर पायाचा जोर तो बुडबुडाच गिळून टाकतो. सर्वांत लांबचें चाक प्रथम, म्हणजे मागचें डावें. पुतण्या चालकाच्या जागीं बसला. मिस्त्री खालून म्हणत, "दाब. धरून ठेव. सोड." प्रथम फेंसाळलेलें तेल आलें, मग बुडबुडे विरळ झाले, मग स्वच्छ धार आली. एक वेळ अशी आली कीं पायडल दगडासारखें घट्ट लागलें. पुतण्यानें वर पाहून सांगितलें, "काका, धरलं!"

लायनर बसविण्याची कल्पना एका स्त्रीची आहे असें सांगतात. १८८८ सालीं जर्मनींत बर्था बेंझ या बाई पतीस न कळवितां त्याची मोटार घेऊन, दोन मुलांसह, मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरीं गेल्या. वाटेंत उतारावर ब्रेकचे ठोकळे झिजूं लागले, तेव्हां एका जोडे शिवणाऱ्या कारागिराकडून त्यांनीं त्यांवर कातडें मारून घेतलें. बाईंनीं झिजलेला ब्रेक पाहिला आणि तेथेंच गाडी थांबवून तो नीट केला. आमच्या वहिनींनींही पाहिलें होतें. आम्हीं त्यांस पाणी असल्याचें सांगितलें.

दुसऱ्या दिवशीं रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हीं सर्वांसमक्ष सर्व सांगितलें. बंधूंनीं गाडी विकण्याचा शब्दही काढला नाहीं. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत, आणि तें बोलण्याहून अधिक लागलें. मातोश्री मात्र म्हणाल्या, "जिन्याखालीं ऑइलचे डबे ठेवीत होतास, ते मी बघत होत्यें. म्हटलं, याला त्यांतलं कळतं. हा बघतोय ना, मग आपण कशाला विचारायचं?"

एकत्र कुटुंबांत प्रत्येकजण प्रत्येक गोष्ट तपासीत नाहीं. तपासूं म्हटलें तर संसार चालणार नाहीं. ज्याच्या हातीं जें काम, तें तो नीट पाहतो, या एका भरंवशावर दहा माणसें निर्धास्त झोंपतात. आमच्या जीपप्रमाणें येथेंही भांडें एकच. कोणी कर्ज लपवितो, कोणी छातींतली कळ लपवितो, आणि रोज थोडें तेल ओतून पातळी सारखी दाखवितो. त्यांत लबाडीपेक्षां आळस आणि भीति हींच अधिक असतात. परंतु उताराच्या वेळीं पायडल तळाला जातें तें एकट्या त्याचें नव्हे.

त्यानंतर त्याच घाटांतून आम्ही पुष्कळदां गेलों. नवे लायनर ड्रमास पुरते बसेपर्यंत पहिले कांहीं दिवस गाडी बेतानें चालविली. मागाहून मिस्त्रींकडून शू पुन्हां नीट लावून घेतले. आतां दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं पायांखालचें झांकण उघडून तेलाची पातळी पाहतात, आणि ती भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवतात. हें काम आमच्याकडे नाहीं. तें वहिनींनीं आपल्याकडे घेतलें आहे.