पट्टी हिरवी होती, पाणी पायरीला होतं

मंडळी, पावसाळा तोंडावर आलाय. त्याआधी एक कबुली द्यायची राहिलीय.

माझ्या छोट्या न्यूज पोर्टलवर वर एक पट्टी असते, कृष्णेच्या पाण्याची. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. चाळीसच्या खाली असेल तर पट्टी हिरवी, वर गेली की पिवळी, पंचेचाळीसला लाल. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळं इथं पट्टीचा रंग बघूनच लोक सामान हलवायचं की नाही ते ठरवतात.

एका पावसाळ्यात रात्री उशिरा मी मोबाईलवरून पातळी टाकली: ४१. आणि झोपलो. पहाटे कर्नाळ रोडवरच्या एका काकूंचा फोन. "दादा, तुमची पट्टी हिरवी दाखवतीय आणि आमच्या पायरीला पाणी लागलंय. खरं काय धरायचं?" माणसं सुखरूप निघाली. शिलाई मशीन मात्र खालीच राहिलं. त्यांचं घर त्या मशीनवर चालायचं.

चूक कुणाची? माझीच. एरवी मी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर इंग्रजी आकडे टाकायचो. त्या रात्री मोबाईलच्या मराठी कीबोर्डवरून ४१ देवनागरीत गेलं. वर्डप्रेस ज्या पीएचपी भाषेत चालतं, तिला देवनागरी आकडा म्हणजे नुसतं अक्षर. त्याचा आकडा करायला सांगितलं की ती बिनबोभाट शून्य धरते. शून्य फूट पाणी, म्हणून पट्टी हिरवी. कुठं एरर नाही, काही नाही.

पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये असलेला भाचा म्हणाला, "मामा, बातमीचं प्रूफ वाचता ना? मग पट्टीचं प्रूफ कोण वाचतं?"

त्यानं दोन रविवार बसवून घेतलं. पहिला नियम: खऱ्या साइटवर प्रयोग नाही. माझ्या लॅपटॉपवर साइटची हुबेहूब नक्कल उभी केली, कारण टेस्ट खोट्या बातम्या टाकते, पुसते, सगळा डेटा उलटापालटा करते. मग पीएचपीयुनिटमध्ये बारक्या टेस्ट लिहिल्या: ३९ दिलं तर हिरवी, ४० ला पिवळी, ४५ ला लाल, देवनागरीत दिलं तरी तेच, इंग्रजीत दिलं तरी तेच. कुणी "चाळीस" असं अक्षरी लिहिलं किंवा रकाना रिकामा सोडला, तर रंगच नको, "माहिती तपासत आहोत" एवढंच दिसावं. दुसरं हत्यार प्लेराइट. ते स्वतः ब्राउझर उघडतं, माणसासारखं लॉगिन करतं, आकडा टाकतं आणि पान बघतं.

कोड दुरुस्त करायच्या आधी जुन्या कोडवरच टेस्ट चालवायला लावली. ती नापास झाली. भाचा म्हणाला, "आता पटलं? जी टेस्ट कधीच नापास होत नाही, ती काही तपासते की नाही कुणास ठाऊक."

साताऱ्याच्या मित्रानं हाच कोड कोयनेच्या विसर्गासाठी नेला. तिथं वेगळंच निघालं. समजा विसर्ग ४२,१०० क्युसेक आहे. स्वल्पविराम आला की पीएचपी तिथंच थांबतं आणि ४२ धरतं! कोयनेचं पाणी कराडला कृष्णेला मिळून आपल्याकडंच येतं. यावेळी मात्र टेस्टनं आधीच पकडलं. फोन करून कुणाला सांगावं लागलं नाही.

आता कुठलंही प्लगइन अपडेट करण्याआधी नकलेवर सगळ्या टेस्ट चालतात. एक जरी लाल झाली तर अपडेट थांबतं.

पण एक सांगतो. ४१ हा आकडा खरा आहे का, हे कुठलीच टेस्ट सांगत नाही. त्यासाठी पूर नियंत्रण कक्षाला फोन लावावा लागतो, पुलावर जाऊन मोजपट्टी बघावी लागते. ते काम माझं आहे आणि ते मीच करणार. आता पट्टीवर आकडा कधी घेतला ती वेळही असते. तीन तासांहून जुना झाला की पट्टी आपोआप गायब होते.

काकूंना भेटून आलो. मशीन दुरुस्त झालंय, पण पूर्वीसारखं चालत नाही म्हणाल्या. निघताना एवढंच बोलल्या, "यंदा तरी बरोबर दाखवा."

नदीकाठच्या मंडळींनो, पट्टी आणि पायरी यांचा मेळ बसला नाही तर पायरीवर विश्वास ठेवा. आणि मग मला फोन करा, कितीही वाजले असू द्या.