घर, डीड आणि दोन साक्षीदार



आमचं कॅलिफोर्नियातलं घर प्रोबेटच्या फेऱ्यात न अडकता लेकीला मिळावं, म्हणून परवा 'ट्रान्स्फर ऑन डेथ डीड' केलं. हयातीत कधीही रद्द करता येतं, हे बरं.

या सोयीची शिफारस तिथल्या लॉ रिव्हिजन कमिशनने २००६ मध्ये केली, कायदा व्हायला २०१५ उजाडलं! १९५३ सालचं हे कमिशन जुने कायदे तपासतं, मसुद्यावर लोकांच्या सूचना मागवतं. पण मंजुरी विधिमंडळाची. पुढे त्यांनी हाच कायदा पुन्हा तपासला, आणि २०२२ पासून दोन साक्षीदार सक्तीचे झाले. मला हे पटलं. म्हाताऱ्या माणसाची सही कोण कशी घेईल, काय सांगावं?

लेकीला साक्षीदार करू नका, शेजारी बोलवा. आणि नोटरीनंतर ६० दिवसांत काउंटीत नोंदणी हवीच.