दोन बिघाड एकापेक्षा बरे

जनुक बिघडले म्हणजे शरीरात काहीतरी कमी पडले, असे आपण सर्रास धरून चालतो. ‘पीसीडी’ नावाच्या उंदरांविषयीचे संशोधन वाचल्यापासून हे गृहीतक मला खटकू लागले आहे. १९७६ साली अमेरिकेत वर्णन झालेल्या या उंदरांचे अनुमस्तिष्क जन्मानंतर सुमारे दोन आठवडे नीट वाढते. मग त्यातल्या पुर्किंजे पेशी मरू लागतात, काही आठवड्यांत जवळजवळ सगळ्या नाहीशा होतात आणि उंदराचा तोल जातो. दोषी जनुक २००२ मध्ये सापडले. २०१० मध्ये त्याचे काम उमगले: त्यापासून बनणारे सीसीपी-१ हे विकर पेशीतल्या सूक्ष्मनलिकांवर चढलेल्या ग्लुटामेटच्या साखळ्या छाटते. छाटणारेच नसले की साखळ्या वाढत जातात.

आता पेशी कशाने मरतात? विकराच्या अभावाने, की साखळ्यांच्या अतिरेकाने? २०१८ च्या प्रयोगाने याचा निकाल लावला, आणि मी थक्क होतो ते इथेच. या साखळ्या चढवणारे टीटीएलएल-१ हे दुसरे विकरही पुर्किंजे पेशींतून काढले, तेव्हा त्या पेशी वाचल्या. सीसीपी-१ तेव्हाही नव्हतेच. म्हणजे उणीव तशीच राहिली, अतिरेक तेवढा टळला आणि तेवढ्यानेच पेशी जगल्या. मग मोठ्या मेंदूच्या बाह्यकातल्या पेशी या उंदरांत का तगतात? तिथे सीसीपी-६ हे जोडीचे विकर छाटणी सांभाळते. दोन्ही काढली की त्याही झिजतात.

उंदराचे माणसाला लागू पडेल कशावरून, हा आक्षेप रास्त आहे. पण त्याच वर्षी, हेच जनुक दोन्ही प्रतींत बिघडलेल्या लहान मुलांमध्ये अनुमस्तिष्काची झीज नोंदवली गेली. दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो. टीटीएलएल-१ सगळ्या शरीरात बंद केले तर श्वसनमार्गातल्या पेशींचे केस आणि शुक्रजंतूंच्या शेपट्या बिघडतात, हे उंदरांतच दिसले आहे. त्यामुळे यातून लगेच औषध निघेल, ही माझी पहिली उमेद आता तेवढी पक्की नाही. तरी मुद्दा ढळत नाही. जनुकीय आजारावरच्या उपचाराची बातमी वाचाल, तेव्हा बिघडलेले जनुक कोणते एवढ्यावर थांबू नका. त्या बिघाडाने पेशीत काय घटले आणि काय साचले, हेही विचारा.