गाडीचं वजन

आमच्या गोठ्यातल्या खुंटीला चामडी पिशवीतला ट्रान्झिस्टर टांगलेला असे. १९७८ साली मी वीजविषयाची पदविका शिकत होतो. होळीच्या सुट्टीत घरी आलो तो रेडिओ-प्रक्षेपणाचा नवा हिशेब डोक्यात घेऊनच. खळ्यावर ज्वारीची मळणी चालली होती. दादांना तो हिशेब मी मोठ्या ऐटीत सांगितला.

मध्यम लहरींवर आवाज एकटा जात नाही. एका बलवान वाहक लहरीवर तो चढवावा लागतो. आवाजाप्रमाणे तिची उंची कमीजास्त होते. आवाज पुरता चढवला, तरी तीन हिश्श्यांपैकी दोन हिस्से शक्ती नुसत्या वाहकात जाते. उरलेल्या एका हिश्श्यात आवाज, तोही दोन बाजूंना सारखाच, म्हणजे दुबार! निवेदक श्वास घ्यायला थांबला, तरी वाहक चालूच.

“केवढी उधळपट्टी, दादा! बिनतारी संदेशवाले वाहक गाळून एकच बाजू पाठवतात. सहाव्या हिश्श्यात काम!”

दादा म्हणाले, “आपण बाजारात ज्वारी विकतो, गाडी नाही. म्हणून पोती गाडीवाचून जातील का?”

“जातात की. फक्त ऐकणाऱ्याच्या यंत्रात वाहक लहर नव्याने तयार करावी लागते, अन् तीही अगदी नेमकी.”

“म्हणजे तिथं एक गाडी वाचली, अन् इथं घरटी एक गाडी आली. आपल्याला परवडलं असतं का रे?”

मी गप्प झालो. आमच्या ट्रान्झिस्टरात लहरीवरून आवाज उतरवून घेण्याचे काम एका चिमुकल्या डायोडवर भागत होते. म्हणून तर तो आमच्या ऐपतीत बसला होता.

त्याच आठवड्यात संध्याकाळी रेडिओने अवकाळी पावसाचा इशारा दिला. गावात वीज नव्हती. ट्रान्झिस्टर मात्र सेलवर बोलत होता. कंदिलाच्या उजेडात सगळ्यांनी मिळून ज्वारी घरात आणली. पहाटे पाऊस कोसळला. ओल्या खळ्याकडे बघत दादा एवढेच म्हणाले, “गाडी पोचली म्हणायची.”

पुढे प्रक्षेपक सुधारले. आवाज चढवण्यासाठी पूर्वी मोठमोठे व्हॉल्व्ह तापत. ते काम झटपट चालू-बंद होणाऱ्या विजेच्या ठोक्यांनी कमी खर्चात होऊ लागले. काही ठिकाणी तर आवाज बारीक झाला की वाहकाची शक्तीही कमी करतात. हे मी वाचले, तेव्हा दादा नव्हते. असते तर म्हणाले असते, “माल थोडा असला तर छकडा जुंपावा. हे आम्हाला ठाऊक होतं.”