पाठीमागून रंगवलेला पक्षी

काकेजिकु म्हणजे भिंतीवर टांगायचं आणि एरवी गुंडाळून पेटीत ठेवायचं जपानी चित्र. पाहणारा ते पुढून पाहतो. ते मढवणाऱ्या कारागिराचा, ह्योगुशीचा, बहुतेक वेळ मात्र चित्राच्या पाठीशी जातो. इतो जाकुचूचे पक्षी समजून घ्यायचे तर त्याच बाजूला जाऊन उभं राहावं.

जाकुचू (१७१६–१८००) हा क्योतोच्या निशिकी बाजारातल्या घाऊक भाजीव्यापाऱ्याचा मुलगा. धंदा त्याने धाकट्या भावावर सोपवला, अंगणात कोंबड्या पाळल्या आणि कुंचला हाती घेण्याआधी तो त्यांच्याकडे नुसता पाहत राहिला. त्या निरीक्षणातून घडलेल्या ‘दोशोकु साई-ए’ या मालिकेत रेशमावरची ३० चित्रं आहेत. शोकोकुजी मंदिराला त्याने ती अर्पण केली. १८८९मध्ये ती सम्राटाच्या घराण्याकडे गेली आणि मंदिराच्या पदरात १०,००० येन पडले.

मालिकेत कोंबडे भरपूर. पण कसबाच्या दृष्टीने पाहावा तो पाइनवरचा शुभ्र फिनिक्स. (हा काही त्याच्या अंगणातला नव्हे.) त्याच्या पिसांमधून सोनेरी झळाळी येते, म्हणून तिथे सोनं वापरलंय असं मानलं जाई. १९९९ ते २००४ या काळात मालिकेची दुरुस्ती झाली. पाठीचे जुने कागद सुटले आणि रेशमाची उलटी बाजू उघडी पडली. तिथे होती पेवडीसारखी पिवळी माती! पुढून शिंपल्याच्या भुकटीच्या पांढऱ्या रेघा, केसाएवढ्या बारीक. मागून हा पिवळा. विरळ विणीतून दोन्ही रंग एकत्र दिसले की डोळ्याला सोनं भासतं.

रेशीम असं पारदर्शक, त्यामुळे मढवणाऱ्याची जबाबदारी वाढते. चित्राला लागून बसणाऱ्या पहिल्या कागदाची छटा जराशी चुकली, तरी पिसांचा रंग बदलतो.

त्यानंतरचे कागद चिकटवायची खळ गव्हाच्या सत्त्वाची. कडाक्याच्या थंडीत शिजवून ती रांजणात भरतात आणि दहाएक वर्षं थंड जागी मुरू देतात. वर बुरशी धरते, खळीचा चिकटपणा उतरतो, आणि तोच हवा असतो. घट्ट खळीने चित्र ताठरतं, गुंडाळताना रेशमाला मोडी पडतात, रंग उडतो. शिवाय पुढच्या दुरुस्तीत कागद थोड्याशा पाण्याने सुटायला हवा. पण इतकी मवाळ खळ कागदाला धरून ठेवणार कशी? त्यासाठी जाड, राठ केसांच्या ब्रशने कागदाच्या पाठीवर ठोकत जातात; तंतू तंतूत गुंततात. रंगाचं पूट उलट्या अंगाला असलेल्या चित्रावर हे ठोकणं चालू असताना शेजारी उभ्या असलेल्याच्याच पोटात गोळा येईल.

२०१६मध्ये, जाकुचूच्या जन्माला ३०० वर्षं झाली तेव्हा, तोक्योच्या प्रदर्शनात ही चित्रं पाहायला लोक पाच-पाच तास रांगेत थांबले. पाठीची पेवडी तोवर नव्या कागदांखाली गेली होती. अशी चित्रं साधारण शंभरेक वर्षांनी पुन्हा सोडवावी लागतात.