एकशेसात चित्रं

आमच्या गावात क्रिकेट आधी कानानं आलं, डोळ्यांनी फार उशिरा. १९८३ साली कपिलदेवच्या संघानं लॉर्ड्सवर वेस्ट इंडिजला ४३ धावांनी हरवलं, तेव्हा गावात टीव्ही नव्हता. रेडिओ होते तीन. गावस्कर म्हणजे आमच्यासाठी एक नाव, मागे टाळ्यांचा गलका, आणि सेल उतरले की नुसती खरखर. माणूस उंच की ठेंगणा, हे आम्हा पोरांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं.

चेहरा दाखवला तो बबलगमनं. १९८७चा विश्वचषक भारत-पाकिस्तानात भरला, त्या सुमारास बिग फन बबलगमसोबत क्रिकेटची छोटी चित्रं यायची. कशावर धावा छापलेल्या, कशावर बळी. ठरावीक धावा जमल्या की बदल्यात एक चिमुकली पुस्तिका मिळायची. तिची पानं अंगठ्यानं भराभर सोडली की फलंदाज खराच फटका मारताना दिसायचा. शहरातली पोरं त्या पुस्तिकेसाठी चित्रं देऊन टाकत. आमच्याकडे उलटं. चित्र हातचं जाऊ द्यायला कोणी तयार नसे. धावांचं काय, त्या रेडिओवर ऐकू येतच होत्या!

बबलगमला पैसे मात्र लागत. आमच्या वऱ्हाडात सीतादही झालं की कापसाची वेचणी सुरू होते. सुटीच्या दिवशी आम्हीही कमरेला ओटी बांधून जायचो. मजुरी आईच्या हातात पडायची आणि त्यातलं सुटं नाणं आमच्या.

माझ्या वर्गात एका सालदाराचा पोरगा होता. डाव्या हातानं खेळायचा, म्हणून आम्ही त्याला डावरा म्हणायचो. त्याच्या घरी मजुरीतलं सुटं नाणंही सुटायचं नाही. तो दुसऱ्यांनी टाकलेली फाटकी चित्रं गोळा करायचा. घरी ज्वारीच्या पिठाची खळ करून मागून वहीचा कागद लावायचा आणि उन्हात दगडाखाली दाबून ठेवायचा. वर्तमानपत्राच्या कागदात बांधून आणलेल्या किराण्यावर खेळाडू दिसला, तर तोही कापून घ्यायचा. रोज संध्याकाळी मोजायचा. "काहून मोजतं बे रोज?" विचारलं तर म्हणायचा, "हिशेब असला पायजे. बापाचा नसते, म्हणून तं मालक सांगन तेवढंच."

३१ ऑक्टोबर १९८७. नागपुरात भारत-न्यूझीलंड सामना. नागपूर म्हणजे आमचंच गाव झालं की! रेडिओ बांधावरच्या लिंबाला टांगला होता. चेतन शर्मानं ओळीनं तीन गडी बाद केले, तिघांचेही त्रिफळे; विश्वचषकातली ती पहिली हॅट्‌ट्रिक. मग अंगात ताप असताना गावस्करनं ८८ चेंडूंत नाबाद १०३ केल्या. एकदिवसीय सामन्यांतलं त्याचं ते एकुलतं शतक. प्रत्येक चौकाराला डावरा ओटीतला कापूस वर उधळायचा आणि बायका त्याला शिव्या द्यायच्या. पाचच दिवसांनी मुंबईत इंग्लंडनं आपल्याला हरवलं. गावस्कर चार धावा करून गेला, तो कायमचाच. डावऱ्यानं दोन दिवस चित्रं मोजली नाहीत.

सातवीनंतर त्याची शाळा सुटली. आमच्याकडे सालदाराचं साल पाडव्याला ठरतं. १९८९च्या पाडव्याच्या आदल्या रात्री तो आमच्या ओट्यावर आला. हातात पुडकं, वरून सुतळी. म्हणाला, "उद्यापासून मालकाच्या गोठ्यात झोपाचं हाये. तेथी उंदरं कुरतडतीन. तुह्यापाशी ठेव. एकशेसात हायेत." एवढं सांगून उभ्या उभ्याच गेला.

मी पुढे शिकलो, मास्तर झालो आणि चित्रांचा नाद वाढतच गेला. अमरावती-नागपूरच्या रद्दीवाल्यांकडे बसून जुनी चित्रं, 'एकच षटकार'चे अंक, पोस्टरं शोधली. इंग्लंडात विल्स कंपनीनं १८९६ सालीच सिगारेटच्या पाकिटात क्रिकेटपटूंची चित्रं घातली होती, हे वाचलं. पाकीट चेपू नये म्हणून जो पुठ्ठा घालायचे, त्यावरच चित्र छापलं आणि त्यातून जगभर हा छंद लागला. तसलीही दोन-चार मिळवली. मोठ्या शहरातल्या संग्राहकांची ओळख झाली. त्यांचे नियम कडक: कोपरा दुमडलेला नको, घडी नको, डाग नको. एकानं माझा सगळा संग्रह पाहिला, बऱ्याच चित्रांची किंमत सांगितली. डावऱ्याचं पुडकं उघडल्यावर म्हणाला, "याचं काही येणार नाही. मागे काहीतरी चिकटवलंय."

ते मला ऐकूनच बरं वाटलं. त्या पुडक्याचा भाव कोणी सांगितला असता, तर तेवढ्यापुरतं ते माझं झालं असतं. मी त्यात कधी एक चित्र घातलं नाही, एक काढलं नाही. पावसाळ्यात डांबरगोळ्या तेवढ्या बदलायच्या.

दर पाडव्याला गावी गेलो की विचारायचो, "नेतं का?" त्याचं उत्तर ठरलेलं: "माह्यं घर गळते. राहू दे तुह्यापाशीच." एक साल संपायचं, दुसरं लागायचं. मालक बदलले, छपराचे टिन बदलले, उत्तर तेच. पुढे त्याची पोरगी नर्सिंगला गेली, आणि गेल्या साली घरकुलाचा हप्ता मिळून डोक्यावर स्लॅब पडला. यंदा मी विचारायच्या आधीच तो दारात हजर. केस पांढरे, पायात नवी चप्पल.

पुडकं दिलं. त्यानं सुतळी सोडली, सतरंजीवर मांडी घातली आणि चित्रं एकेक करून खाली ठेवायला लागला. बायकोनं चहा आणला, तो निवला. मी म्हटलं, "अरे, माझ्यावर भरोसा नाही का?"

"भरोसा हाये म्हणून तं पस्तीस वर्सं ठेवली," मान वर न करता तो म्हणाला. "पण आता मध्ये बोलू नको गड्या. ब्याऐंशी... त्र्याऐंशी..."