प्रत्येक जिवाची चूल वेगळी



पर्युषण जवळ आले की मंदिराच्या ओट्यावर एकच बोलणे सुरू होते : यंदा कोण किती उपवास करणार? "तिने आठ केले, मग मला का जमू नयेत?" यंदा असे म्हणणाऱ्या आमच्या एक काकू रोज मधुमेहाची गोळी घेतात. म्हणून आज चयापचयाविषयी लिहिते.

अन्नातून शक्ती काढायची आणि त्यातूनच शरीर घडवायचे, हे चयापचय. आपल्याकडे जिवाच्या पर्याप्तींत पहिली आहार पर्याप्ती सांगितली आहे, मग शरीर. एकेंद्रियालाही ती चुकली नाही. पण प्रत्येकाची चूल निराळी.

आपल्या बारामती-इंदापूरचा ऊस पाहा. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी ओढलेले पाणी घेऊन तो उन्हाच्या बळावर साखर करतो, कांड्यात साठवतो. त्याचे वाढे गाय खाते. त्यातला चोथा आपल्याला पचत नाही आणि तिलाही एकटीला पचत नाही. तिच्या पोटाच्या मोठ्या कप्प्यातले असंख्य सूक्ष्म जीव तो आंबवतात, त्यातून निघणाऱ्या आम्लांवर तिला शक्ती मिळते.

प्राणी जितका लहान, तितके वजनाच्या मानाने त्याचे जळण जास्त. मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने 1932 मध्ये याचे गणित मांडले. म्हणून चिमणी दिवसभर दाणे टिपते आणि म्हैस निवांत रवंथ करत बसते.

हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर पट्टकदंब हंस येतात. हिमालय ओलांडायला लागणारी शिदोरी ते अंगातल्या चरबीत बांधून आणतात. एक ग्रॅम चरबीत सुमारे 9 कॅलरी असतात, तेवढ्याच साखरेत 4.

आपल्या उपवासातही हेच घडते. यकृतातली साठवलेली साखर साधारण एक दिवस पुरते. मग शरीर चरबी वितळवू लागते, त्यातून यकृत कीटोन बनवते आणि मेंदूही हळूहळू त्यांवर चालू लागतो. निरोगी शरीर हा बदल सांभाळून नेते. पण मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन पोट रिकामे असले तरी साखर उतरवतच राहतात. अशाने घाम, थरथर, भोवळ, कधी बेशुद्धीही येते. उलट स्वतःच्या मनाने औषध बंद केले तर साखर भलतीच चढू शकते.

सोळा कारण भावनांत 'शक्तितस्तप' आहे : आपल्या शक्तीप्रमाणे तप. शेजारणीच्या शक्तीप्रमाणे नव्हे. बारा तपांत अनशन आहे, तसे ऊनोदर, रसपरित्याग आणि स्वाध्यायही आहेत.

तेव्हा काकूंसारख्या ज्या कोणी असतील त्यांनी नियम घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, गोळीची वेळ आणि मात्रा ठरवून घ्या. आणि आपण बाकीच्यांनी "किती केलेस?" हा प्रश्न यंदा ओट्यावर विचारायचाच नाही, एवढा एक नियम घेऊया.